फेंडर आधी की चाक आधी?

मुंबईहून इगतपुरीला यायला आता दोन वाटा आहेत आणि त्यांचे स्वभाव एकमेकींच्या अगदी उलट. जुनी वाट कसारा घाटाची: साधारण तीनशे मीटरची चढण, ट्रकांच्या रांगा, नागमोडी वळणं, आणि पावसाळा सरता सरता डांबरात पडलेले खड्डे. नवी वाट समृद्धी महामार्गाची. ५ जून २०२५ रोजी इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि नागपूरपासूनचा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. याच टप्प्यात घाट चुकवणारा पावणेआठ किलोमीटरचा जुळा बोगदा आहे, आणि पुढे सपाटीवर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा. एकीकडे खड्डा, ब्रेक, वळण. दुसरीकडे काँक्रीटवर तासभर एकाच वेगाने पळणं. गाडीला बसवलेलं नवं चाक नीट बसलंय की नाही हे दोन्ही रस्ते सांगतात, फक्त सांगायची तऱ्हा वेगळी. घाटात टायर फेंडरला घासल्याचा खर्रर्र आवाज येतो, महामार्गावर स्टिअरिंग हातात थरथरायला लागतं. ज्यांनी हौसेने गाडीचे फेंडर रुंद करून घेतलेत त्यांना हे दोन्ही अनुभव येण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त, कारण रुंद फेंडरखाली कोणतं चाक घालायचं हा प्रश्न बहुतेक ठिकाणी नजरेने सोडवला जातो. तो खरं तर मोजपट्टीने सोडवायचा असतो.

फेंडर म्हणजे चाकावरची पत्र्याची कमान, बोलताना आपण जिला मडगार्ड म्हणतो ती. ही कमान रुंद करायची कल्पना शोभेसाठी जन्मली नव्हती. पोर्शेने १९७३च्या सुमारास काढलेल्या ९११ कॅरेरा आरएस २.७ या गाडीचं उदाहरण घ्या. इंजिनची ताकद वाढली, ते इंजिन मागे, म्हणून मागच्या टायरला अधिक पकड हवी झाली. त्यासाठी पुढचं रिम सहा इंची ठेवून मागचं सात इंची केलं, आणि ते सात इंची रिम झाकायला मागचे फेंडर मिळून सुमारे ४२ मिलिमीटर रुंद केले. पाठोपाठ आलेल्या ९११ टर्बोने ही रुंदी आणखी वाढवली आणि जगभरच्या पोरांच्या भिंतीवरच्या पोस्टरात तीच आकृती कायमची बसली. यातला क्रम पाहण्यासारखा आहे. आधी ताकद, मग टायर, मग रिम, आणि सगळ्यात शेवटी पत्रा. आज हौशी मालक हाच क्रम उलटा करतो. आधी फायबरचा रुंद फेंडरचा संच येतो, तो बसतो, रंगतो; आणि मग ध्यानात येतं की मूळचं चाक त्या कमानीखाली मोठ्या भावाचा सदरा घातलेल्या पोरासारखं दिसतंय. मग ती पोकळी भरायची घाई सुरू होते, आणि घाईला सगळ्यात स्वस्त उत्तर म्हणजे स्पेसर: चाक आणि ते ज्यावर आवळलं जातं तो हब यांच्यामध्ये बसवायची धातूची चकती.

आपल्याकडे रुंद कमान म्हटल्यावर स्पोर्ट्स कारच डोळ्यांसमोर येते असं नाही. मुंबईच्या डीसी डिझाइनने २०१२च्या दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत मांडलेली अवंती हा मराठी मुलखातला दोन आसनी स्पोर्ट्स कारचा ठळक प्रयत्न. तिचेही खांदे चाकांवर फुगलेले होते. पण रस्त्यावर रोज दिसणारी रुंद कमान आहे ती थारची. नाशिकच्या कारखान्यात बनणारी महिंद्रची ही गाडी २ ऑक्टोबर २०२० रोजी नव्या रूपात बाजारात आली, आणि काळ्या प्लास्टिकच्या कमानीखाली तिच्या वरच्या मॉडेलला २५५/६५ आर १८ टायर आला. त्या टायरच्या वर बोटंच काय, हात घालता येईल एवढी जागा आहे. ती विसरून राहिलेली नाही. इगतपुरीत महिंद्रचं खडतर वाटेवर गाडी चालवायला शिकवणारं केंद्र आहे. तिथे खड्ड्यात एक चाक आणि दगडावर दुसरं अशी थार पाहिली की ती जागा कशासाठी राखलीय हे एका क्षणात समजतं. सस्पेन्शन पूर्ण दबलं की चाक वर येऊन त्याच पोकळीत जातं. स्पोर्ट्स कारची कमान टायरच्या बरीच जवळ असते, कारण तिचं चाक कमी उचललं जातं, पण तत्त्व तेच. कमानीतली जागा चाकाच्या हालचालीची आहे. त्यातली किती आपण वापरू शकतो हे मोजल्याशिवाय कळत नाही.

मोजायला सुरुवात करण्यापूर्वी रिमवर कोरलेले आकडे वाचता यायला हवेत. १८ इंच हा व्यास. ८जे म्हणजे टायरच्या दोन कडा जिथे बसतात त्यांच्यामधलं अंतर आठ इंच. पीसीडी म्हणजे बोल्टांच्या छिद्रांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास: पोर्शेचा ५ बाय १३०, पोलोचा ५ बाय १००, जिम्नीचा ५ बाय १३९.७, बऱ्याच छोट्या मोटारींचा ४ बाय १००. हा जुळला नाही तर चाक बसतच नाही, त्यामुळे यात फसवणूक कमी होते. फसवणूक होते ती ऑफसेटमध्ये. रिमच्या बरोबर मध्यातून एक रेघ मारा. हबला टेकणारा रिमचा सपाट चेहरा त्या रेघेपासून किती मिलिमीटर बाहेरच्या बाजूला आहे तो आकडा म्हणजे ऑफसेट, आणि तो रिमवर ईटी या अक्षरांपुढे लिहिलेला असतो. ईटी मोठा असेल तर चाक गाडीच्या पोटात शिरतं, लहान असेल तर बाहेर येतं. बोली सौद्यात याला कुणी 'डीप डिश' म्हणतं, कुणी 'बाहेर आलेलं मॅगव्हील' म्हणतं, पण मिलिमीटर विचारले की दुकानात शांतता पसरते.

आता एक गणित करू, आणि मला जे म्हणायचंय ते सगळं या गणितातच आहे. समजा मूळ चाक ८जे, ईटी ५०. आठ इंचाचे २०३ मिलिमीटर, त्याचे अर्धे १०१.६. हबच्या चेहऱ्यापासून बाहेरची कड १०१.६ वजा ५०, म्हणजे सुमारे ५२ मिलिमीटरवर. आतली कड १०१.६ अधिक ५०, म्हणजे सुमारे १५२ मिलिमीटरवर. नव्या फेंडरमुळे बाहेर ३५ मिलिमीटर जास्तीची जागा मिळालीय असं धरा. ती भरायचे दोन मार्ग. पहिला: जुनंच चाक ठेवायचं आणि मागे ३५ मिलिमीटरचा स्पेसर लावायचा. बाहेरची कड ८७वर येते, फेंडर भरतो, खर्च कमी. दुसरा: १०जे, ईटी ४०चं चाक घ्यायचं. दहा इंचाचे २५४, अर्धे १२७. त्यातून ४० वजा केले की बाहेरची कड ८७वरच. फूटपाथवरून पाहणाऱ्याला दोन्ही गाड्या सारख्याच दिसतील. पण पहिल्या गाडीत चाकाची मध्यरेषा, म्हणजे ज्या रेषेतून रस्त्याचा भार गाडीला लागतो ती, ३५ मिलिमीटर बाहेर सरकली. दुसऱ्या गाडीत ती फक्त १० मिलिमीटर सरकली, कारण रुंदी दोन्ही बाजूंना वाटली गेली. आतल्या बाजूची कड १५२वरून १६७वर गेली, म्हणजे शॉकअब आणि चाक यांच्यामध्ये पंधरा मिलिमीटरहून थोडी जास्त जागा असायला हवी एवढीच अट. शिवाय दुसऱ्या गाडीला रस्त्यावर टेकणारा टायर रुंद मिळाला, आणि कमान रुंद करण्याचं मूळ कारण तेच होतं. पहिल्या गाडीला पकड तेवढीच राहिली. बदललं फक्त दिसणं. रुंद फेंडर रुंदीने भरायचा, चाक नुसतं बाहेर ढकलून नव्हे, असं माझं म्हणणं आहे.

मध्यरेषा बाहेर गेल्याने काय बिघडतं? दोन गोष्टी. पहिली बेअरिंगची. एका चाकावर चारशे किलोचा भार आहे असं धरा. घाटातल्या खड्ड्यात तोच क्षणभर तिप्पट होऊ शकतो. बाराशे किलोचा हा धक्का पूर्वी बेअरिंगच्या जवळून जात होता, आता ३५ मिलिमीटर लांबून लागतो, म्हणजे प्रत्येक धक्क्यागणिक चाकाला तिरकं करणारी ओढ वाढली. बॉल बेअरिंगचं आयुष्य भाराच्या घनाच्या उलट प्रमाणात घटतं: भार दहा टक्के वाढला तर आयुष्य सुमारे चतुर्थांशाने कमी. म्हणून पहिल्या महिन्यात काहीच होत नाही आणि मालक समजतो सगळं ठीक आहे. गुणगुण दीड वर्षाने ऐकू येते. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की बेअरिंगला स्पेसर दिसत नाही, त्याला फक्त अंतर कळतं. कमी ईटीचं चाक घेऊन मध्यरेषा तेवढीच बाहेर नेली तरी बेअरिंगचं तेच होणार. 'आम्ही स्पेसर वापरत नाही हो, सरळ झीरो ऑफसेटचं चाक घालतो,' असं छातीठोकपणे सांगणाऱ्याचं बेअरिंग म्हणूनच सुरक्षित नसतं. दुसरी गोष्ट स्टिअरिंगची. पुढचं चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो अक्ष जमिनीला जिथे भेटतो, तिथून टायरच्या मध्यापर्यंतचं अंतर कारखाना फार विचाराने ठरवतो. ते थोडंसं वजा ठेवलेलं असेल तर एका बाजूचं चाक ओल्या रस्त्यावर आणि दुसरं कोरड्यावर असताना ब्रेक मारला तरी गाडी सरळ राहायला मदत होते. पंचवीस-तीस मिलिमीटरच्या स्पेसरने ते अंतर वजाचं अधिक होतं. मग प्रत्येक खड्डा हाताला जाणवतो, ट्रकांनी पाडलेल्या चाकोऱ्यांमध्ये गाडी आपोआप ओढली जाते, आणि घाटाच्या उतारावर ब्रेक मारताना स्टिअरिंग घट्ट धरून ठेवावं लागतं. मागच्या चाकांना हा दुसरा त्रास नाही. रुंद कमानीचा खेळ मागे जास्त सोसतो आणि पुढे कमी, हे लक्षात ठेवण्यासारखं.

आता खुद्द स्पेसर. ॲल्युमिनियमची ही चकती हब आणि रिम यांच्यामध्ये बसते. तीन, पाच, आठ मिलिमीटरच्या पातळ चकत्या नुसत्या सरकवून मूळ बोल्टच लांब घातले जातात. वीस-पंचवीस मिलिमीटरच्या पुढच्या जाड स्पेसरला स्वतःचे स्टड असतात, तो आधी हबला आवळतात आणि मग चाक त्याच्यावर. अनेकांची समजूत अशी की चाकाचा भार बोल्टांवर लटकलेला असतो. तसं नाही. बारा मिलिमीटरचा नट ११० न्यूटन-मीटरने आवळला की तो साधारण साडेचार टनांच्या ताकदीने रिमला हबवर दाबतो. पाच नटांचे मिळून बावीस-तेवीस टन. त्या दाबाने दोन सपाट चेहऱ्यांमध्ये जे घर्षण होतं ते चाकाला धरून ठेवतं. हा दाब कमी झाला तरच बोल्टांवर कातरणारा जोर येऊ लागतो, आणि मग ते तुटतात. स्पेसर आला की एका सांध्याचे दोन सांधे झाले. त्या चेहऱ्यांवर गंज, वाळू, किंवा रंगाचा थर असेल तर काही तापण्या-थंडावण्यानंतर तो थर दबतो आणि आवळलेला नट हळूच सैल होतो. कसारा घाट उतरताना ब्रेकची डिस्क जेवढी तापते तेवढी शहरात महिनाभरात तापत नाही, म्हणून हा दोष सपाटीवर लपून राहतो आणि घाटात उघडा पडतो. पावडर कोटिंग करून चकचकीत केलेले रंगीत स्पेसर दिसायला छान, पण टेकणाऱ्या चेहऱ्यावर रंग असेल तर मी तो परत करीन.

हबच्या मध्यभागी एक छोटी उंच कड असते, तिच्यावर रिमचं मधलं भोक नेमकं बसतं आणि चाक केंद्रात येतं. पातळ स्पेसर ही कड गिळून टाकतो आणि रिम अधांतरी राहतं. जाड स्पेसरला स्वतःची कड नसेल तर तेच. नट आवळताना चाक अर्धा मिलिमीटर जरी एका बाजूला बसलं तरी बॅलन्सिंगच्या यंत्रावर सगळं बरोबर दिसतं आणि समृद्धीवर शंभरच्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. मग टायरवाल्याला दोष दिला जातो. म्हणून स्पेसरला आत आणि बाहेर दोन्ही बाजूंना गाडीच्या हबच्या मापाची कड हवी, आणि रिमचं भोक मोठं असेल तर त्यात बसणारी रिंग हवी. नटाच्या बुडाचा आकारही तपासायचा. पोर्शे आणि फोक्सवॅगनच्या मूळ चाकांना बहुधा गोल बुडाचे बोल्ट, बाजारातल्या अलॉयना बहुतेक साठ अंशांच्या शंकूचे. गोल बुडाचा बोल्ट शंकूच्या खोबणीत घातला तर तो एका बारीक रेघेवर टेकतो आणि कितीही आवळला तरी काही शे किलोमीटरनंतर ढिला होतो. शेवटचं माप आट्यांचं: बोल्टाच्या जाडीएवढी लांबी तरी आत शिरायला हवी. १२ बाय १.५चा बोल्ट असेल तर हाताने आठ पूर्ण फेरे मोजा. पाचव्या फेऱ्याला नट घट्ट बसत असेल तर तो स्पेसर त्या बोल्टाचा नाही.

यावर नेहमीचा आक्षेप येतो तो असा: पोर्शे स्वतः ॲक्सेसरीच्या यादीत स्पेसर विकते, मग तुम्हाला काय अडचण? विकते, खरंय. पाच मिलिमीटरचे, स्वतःच्या लांब बोल्टांसह, आपल्याच ठरावीक चाकांसाठी आणि ठरावीक मॉडेलांसाठी, सगळं तपासून. कंपनीला पाच मिलिमीटर पुरले, हेच मला त्या यादीतून दिसतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दोन चाकांमधलं अंतर वाढलं की गाडी वळणात कमी झुकते, स्थिर राहते. हेही खरं. पण किती? १५०० मिलिमीटरच्या अंतरात दोन्ही बाजूंना वीस-वीस मिलिमीटर वाढवले तर १५४० होतात; वळणात बाहेरच्या चाकांवर सरकणारा भार अडीच टक्क्यांच्या आसपास कमी होतो. घाटातल्या चालकाला हा फरक जाणवेल का याची शंकाच आहे, आणि तो मिळवण्यासाठी बेअरिंग, स्टिअरिंग आणि एक जादा सांधा पणाला लावायचा. चांगल्या टायरने यापेक्षा कितीतरी जास्त फरक पडतो. तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो मी उडवून लावणार नाही. नव्या चार रिमांच्या किमतीपुढे स्पेसरची जोडी फारच स्वस्त. पण ज्याने फेंडरचा संच, फायबर, रंगकाम यावर आधीच खर्च केला आहे त्याने चाकांपाशी येऊन काटकसर आठवावी हे मला लग्नाचा मांडव आलिशान घालून पंगतीला पत्रावळ्या मोजण्यासारखं वाटतं. पैसे कमी असतील तर फेंडर थांबवा. चाक थांबवू नका.

मग मोजायचं कसं? चाक काढा. हबच्या चेहऱ्यावर सरळ पट्टी टेकवून आत शॉकअबपर्यंत आणि बाहेर फेंडरच्या कडेपर्यंत मोजा, आणि ते चारही कोपऱ्यांवर मोजा. हाताने घडवलेला फायबरचा संच डावी-उजवीकडे सारखा असतो यावर विश्वास ठेवू नका. पुढे स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून मोजा. गाडी जॅकवर लोंबकळत असताना घेतलेलं माप निरुपयोगी, कारण तेव्हा चाक खाली असतं. हबखाली जॅक लावून सस्पेन्शन दाबा, किंवा मागे दोन माणसं बसवून डिकी भरा. आत निदान पाच आणि बाहेर निदान दहा मिलिमीटर मोकळे ठेवा. टायर रिमच्या कडेपलीकडे फुगतो हेही धरा: दहा इंची रिमवर २६५चा टायर दोन्ही बाजूंना सुमारे दहा-दहा मिलिमीटर बाहेर येतो, आणि रिम अर्ध्या इंचाने रुंद केलं की तोच टायर पाच मिलिमीटरने पसरतो. चाकाला थोडी आतली कलती दिली की वरची कड आत जाते. एका अंशाला साडेपाच-सहा मिलिमीटर, आणि रुंद चाकवाल्यांचा हा आवडता उपाय. तो दोन अंशांपर्यंत ताणला की टायरची आतली बाजू कुणाला न दिसता टक्कल पडेपर्यंत झिजते. सगळं जमल्यावर खात्री करायला महागडं यंत्र लागत नाही. गणपतीच्या शाडूचे छोटे गोळे फेंडरच्या आतल्या कडेला चिकटवा, भरलेली गाडी गतिरोधकांवरून आणि घाटाच्या दोन-चार वळणांवरून फिरवून आणा. जिथला गोळा चपटा झाला तिथे जागा नाही.

टायरच्या निवडीत व्यासाचं भान ठेवावं लागतं. मूळ २२५/४० आर १८चा व्यास ६३७ मिलिमीटर, २६५/३५ आर १८चा सुमारे ६४३; एक टक्क्याच्याही आत, म्हणून स्पीडोमीटर आणि एबीएस कुरकुरत नाहीत. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत तर पुढच्या-मागच्या टायरच्या व्यासातला फरक कारखान्याने ठेवला तेवढाच ठेवायचा. रुंद रिमवर अरुंद टायर ताणून बसवण्याची एक फॅशन आहे, त्याने फेंडर चुकतो पण टायरची कड उघडी पडते आणि खड्ड्यात रिम थेट आपटतं. आपल्या रस्त्यांवर ही फॅशन मला शुद्ध वेडेपणा वाटते. आणि इगतपुरीपुरतं सांगायचं तर पाऊस. इथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी पडतं. साठच्या दशकात नासाच्या अभियंत्यांनी विमानाच्या टायरवरून काढलेलं एक ठोकताळ्याचं सूत्र आहे: तेहतीस पीएसआय हवेचा टायर साचलेल्या पाण्यावर ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास तरंगू लागतो. मोटारीच्या टायरला खाचा असतात म्हणून आकडा जसाच्या तसा लागू नाही, पण रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं आणि झिजलेल्या रुंद टायरला ते जमत नाही. फेंडरने तीनशे मिलिमीटरची जागा दिली म्हणून तीनशेचाच टायर घालायची सक्ती नाही.

कायद्याचं म्हणाल तर १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील आणि उत्पादकाने मूळ ठरवलेला तपशील यात फरक पडेल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातून आलेल्या प्रकरणात हे कलम कडकपणे वाचलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलासाठी मालकाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. नुसतं रिम बदलणं यात बसतं का यावर वकील वाद घालतील. पत्रा कापून फेंडर बसवणं हा मात्र गाडीच्या मूळ रचनेला हात लावणं आहे असं म्हणायला जागा उरते, आणि अपघातानंतर विमा कंपनीला तेवढी जागा पुरते. म्हणून काम करण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. युरोपातला एक नियम इथेही कामाचा आहे: चाकाच्या मध्यापासून पुढे तीस अंश आणि मागे पन्नास अंश एवढ्या भागात टायरची पूर्ण रुंदी फेंडरखाली झाकलेली असली पाहिजे. बाहेर डोकावणारा टायर मागच्या दुचाकीस्वाराच्या तोंडावर चिखल आणि खडी फेकतो, एवढं कारण मला तरी पुरेसं आहे.

रिम घेताना त्याच्या पाठीमागे कोरलेली भारक्षमता वाचा आणि ती गाडीच्या वजनाशी ताडून पाहा. पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेत चाकाची वळणाच्या ताणाची, भाराखाली फिरण्याची आणि आघाताची अशी वेगवेगळी परीक्षा होते. या परीक्षा पास झाल्याचा कागद मागा, नुसत्या चिन्हावर जाऊ नका, कारण चाकांच्या जेडब्ल्यूएल या जपानी मानकाची अक्षरं नकली रिमवरही कोरलेली सापडतात. आतल्या बाजूला खरोखर जागा नसेल, हवं ते ऑफसेट कुणी बनवतच नसेल, आणि शेवटचे तीन ते आठ मिलिमीटर उरले असतील, तर दोन्ही बाजूंना कड असलेला, रंग नसलेला स्पेसर आणि योग्य लांबीचे बोल्ट घ्या. तेवढ्यासाठी तो चांगला. नट चांदणीच्या क्रमाने, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने, टॉर्क रेंच लावूनच आवळा. गॅरेजमधल्या हवेच्या बंदुकीने नाही. पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर ते पुन्हा तपासावे लागतात. नाशिकहून जुन्या रस्त्याने इगतपुरीला जाऊन परत आलं की जवळपास तेवढंच अंतर होतं. परत आल्यावर चाकं थंड होऊ द्या, आणि मग टॉर्क रेंच लावा.